मागच्या तारखेची संमती

"हॅलो?… हॅलो, कोण?… अगं प्रगती, तू होय! उन्हात स्क्रीनच दिसत नाही गं… हो, वस्तीवरच. आईच्या घरी… काय? तुटतंय तुझं. थांब, ठेवू नकोस, मागं टॉवरवर जाते."

टॉवर म्हणजे घरामागच्या चढावर, जांभळीखाली पडलेला रुंद धोंडा. अख्ख्या वस्तीत मोबाईलला धड रेंज यायची ती तेवढ्याच जागी, म्हणून लोकांनी त्याला ते नाव पाडलं होतं. माधुरी चढ चढून धोंड्यावर टेकली. खाली खाचरांत भात पोटरीला आलं होतं. आई, पारूबाई, जाऊन बावीस दिवस झाले होते. तेरावं उरकलं की भोरला आपल्या वाचनालयात परतायचं असं माधुरीचं ठरलं होतं. पण भाऊ संपत आणि भावजय दिपाली यांच्या पोरीनं, वैष्णवीनं, शाळेत जायचंच बंद केलं आणि माधुरीचा पाय निघेना. फोनवरची प्रगती म्हणजे तिची शाळासोबतीण. दोघी ज्या शाळेत शिकल्या, त्याच खालच्या गावातल्या शाळेत प्रगती आता नववीची वर्गशिक्षिका होती, आणि वैष्णवी तिच्याच वर्गात.

"हां, बोल. आता येतंय… जेवले. भाकरी आणि माठाची भाजी… नाही गं, संपत नाही घरी, शिवऱ्याला टेम्पो भरायला गेलाय. दिपालीपण कंपनीत गेली. सुट्टी संपली तिची. मी आणि वैष्णवी, दोघीच… ती शेरडं घेऊन बांधाला गेलीय… बरी आहे म्हणजे काय, चालते, फिरते, भांडी घासते. बोलत नाही… नाही, शाळेचं नाव काढलं की उठून जाते… हं… हं… प्रगती, तू वैष्णवीची चौकशी करायला फोन केलास, की त्या कागदाचं बोलायला?… मग आधी कागदाचंच बोल.

"हो, मीच टाकला तक्रारपेटीत. सोमवारी… अगं, खाली नाव लिहिलंय ना? निनावी नाही टाकलेला… किल्ली सापडत नव्हती? मग काय केलंत?… कुलूप तोडलं! म्हणजे पेटी भिंतीला लावल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यात काही टाकलं म्हणायचं… नाही, हसत नाही. सांग पुढं. हेडसर काय म्हणाले?… मागं घ्या. का?… अहवाल जायचाय. कसला?… 'इंटरनेट सुरक्षा सप्ताह. प्राप्त तक्रारी, निरंक.' भरून ठेवलाय?… म्हणजे पेटी फोडायच्या आधीच निरंक लिहून झालं होतं… चिडत नाही गं. आमची पोर आठ दिवस घरात बसलीय, ती निरंकमध्ये बसते का, एवढंच विचारतेय."

पलीकडून प्रगती भराभर बोलू लागली. तिला वाईट वाटत होतं, सगळ्या स्टाफला वाईट वाटत होतं, पण हेतू चांगला होता. माधुरी ऐकत राहिली आणि पायाखालच्या गवताची एकेक काडी उपटत राहिली.

हा हेतू कुठल्या गोष्टीमागचा, ते सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. दहाव्याला नदीवर पिंड मांडले आणि कावळा शिवेना. कावळे समोरच्या करंजावर रांगेनं बसून होते, खाली एकही उतरत नव्हता. गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलंय ते ओळखून अशा वेळी एकेकानं पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि सगळ्यांसमक्ष मोठ्यानं शब्द द्यायचा, ही इकडची रीत. संपत म्हणाला, "आये, घराचं काम पुरं करतो." दिपालीनं शेरडं विकणार नाही म्हणून सांगितलं. चुलते चिमाजी म्हणाले, "वयनी, बांधाचं भांडान मिटलं समज." पाऊण तास गेला. मग कुणी न सांगता चौदा वर्षांची वैष्णवी पुढं गेली, पिंडासमोर बसली आणि म्हणाली, "आज्जी, तू हाक मारलीस ती म्या ऐकली हुती. मोबाईल हुता हातात. आले आले म्हनले आन् आले न्हाई. पुन्यांदा न्हाई करनार." तिचं बोलून होतंय तोच कावळा उतरला.

तेवढं सगळं कुणीतरी मोबाईलवर घेतलं होतं. चार दिवसांनी ते गावोगाव फिरायला लागलं. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'मोबाईलने घेतला आजीचा जीव'. आणि शाळेच्या इंटरनेट सुरक्षा सप्ताहात पडदा लावून, दिवे घालवून, नववीच्या वर्गाला तेच दाखवलं. वैष्णवी तिसऱ्या बाकावर बसली होती.

"चेहरा झाकला होता? कुठं झाकला? डोळ्यांवर बोटभर काळी पट्टी ओढलीय… आणि आवाज? गाव ओळखत नाही तिचा आवाज? तुझा वर्ग ओळखत नाही?… जनजागृती. हो, वाचलं मी खाली लिहिलेलं. चाळीस हजार लोकांनी बघितलं. एकानं लिहिलंय, असल्या कार्टीला फोडून काढली पाहिजे. त्याला बाराशे लाईक… नाही, तेही वाचलं. 'बाळा, रडू नकोस.' त्याला नऊ.

"मुलं सुधारली?… शपथ घेतली, माहितीय. 'मी मोबाईलपासून दूर राहीन.' मैदानात रांगा करून, हात पुढं करून. आणि ती शपथ तुमच्या आकाश सरांनी मोबाईलवर घेतली. पाच वेळा म्हणायला लावली, वाऱ्यानं आवाज नीट येत नव्हता म्हणून… मला कोण सांगणार? तुमच्या शाळेच्याच पानावर आहे. शेवटच्या वेळी हात खाली यायला लागलेत पोरांचे, दिसतंय.

"बरं, आणखी काय?… आणखी आहे, तुझ्या आवाजावरून कळतंय… संमतीपत्र? कसलं?… जूनमध्ये, शाळा सुरू होताना. सगळ्या पालकांकडून घेतलं. 'माझ्या पाल्याचे फोटो व व्हिडिओ शालेय उपक्रमांसाठी वापरण्यास हरकत नाही.' वैष्णवीचंही आहे… संपतची सही आहे त्यावर?… दिपालीची?… मग कुणाची? वाच, वाच. ऐकू दे मला… 'सही अथवा अंगठा.' अंगठा आहे. 'विद्यार्थ्याशी नाते, आजी.'"

आईच्या उजव्या अंगठ्याचं पेर विळ्यानं मधोमध चिरलेलं होतं आणि ते कधी नीट भरून आलंच नाही. कागदावर अंगठा उठवला की मध्ये एक पांढरी रेघ राहायची. बँकेतला माणूस दर वेळी म्हणायचा, आज्जी, पुन्हा द्या.

"हॅलो… आहे, आहे. कोण आलं होतं अंगठा घ्यायला?… तूच. घरी आलीस… चहाही प्यालीस. वाचून दाखवलंस तिला, काय लिहिलंय ते?… 'मावशी, शाळेचा कागद आहे, अंगठा द्या.' एवढंच… हो गं, दिलाच असणार. शाळेच्या कागदाला नाही म्हणता येतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. आमच्या वेळी तरी कुठं होतं?… पण मग आहे ना तुमच्याकडं संमती? मला का विचारतेस?… चालत नाही… हं. हं. कळलं. संमती देणारी बाई वारली. आणि व्हिडिओ तिच्याच दहाव्याचा. वरच्या साहेबांना विचित्र वाटेल… अगं, मलाही जरा विचित्र वाटतंय.

"पण बघायचंय कुणाला ते कागद?… काय?… पुन्हा सांग, वारा आहे इथं… बक्षीस!"

माधुरी धोंड्यावरून उठून उभी राहिली.

"तालुक्यात पहिलं. 'उत्कृष्ट जनजागृती चित्रफीत.' कधी आहे?… उद्या. अकरा वाजता, शाळेतच. साहेब येणार, शाल-श्रीफळ होणार. कुणाला, आकाश सरांना?… हेडसरांना. बरोबर आहे… आणि फाईल पूर्ण पाहिजे. म्हणजे तक्रार नको आणि जिवंत माणसाची संमती पाहिजे… संपत दिवसभर गाडीवर, म्हणून मी. आत्या म्हणून… 'नात्यातलं कुणीही चालेल.' आणि तारीख?… मागची. किती मागची?… जूनची.

"प्रगती, जूनमध्ये आई होती. जूनमध्ये तिनं परसात हळद लावली, मी कंद निवडून दिलेत. आता जूनच्या तारखेनं मी लिहून द्यायचं, की माझी आई पुढं वारली, तर तिच्या दहाव्याला आमच्या पोरीचं चित्रण करा, माझी काही हरकत नाही… नाही, तसं लिहिलेलं नसेल. तसंच होतं पण… हॅलो?… हॅलो? प्रगती?…"

फोन तुटला. माधुरीनं तो कानापासून काढून बघितला. खालच्या खाचरात कुणी तरी बाई बगळ्यांना हाकत होती. पुन्हा फोन येऊ नये असं माधुरीला मनापासून वाटलं, आणि तो आला.

"हॅलो… हो, गेला होता… कायदा? मला कायदा सांगतेस? अगं, मी वाचनालयात बसते. छापून काढून ठेवलाय मी तो, तालुक्यात फक्त माझ्याकडंच असेल. अठरा वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर त्याची माहिती वापरायला आईबापाची संमती पाहिजे. कशाला लिहिलं असेल ते? त्या लेकराची कुणीतरी राखण करावी म्हणून. तुम्ही काय समजलात? की एक कागद पाहिजे. कागद असला म्हणजे झालं. मग त्यावर अंगठा कुणाचा, बाई जिवंत की मेलेली, कशाला पाहिजे!… हो, मीही ऐकलंय. सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियाची बंदीच आणायचं बोलतायत. आणू दे. पोरांना बंदी घालतील. हेडसरांना कोण घालणार? त्या आकाश सरांना?… ओरडत नाही. वस्तीवर मोठ्यानंच बोलायची सवय असते.

"आणि एक विचारू? तिच्या हातात त्या दिवशी मोबाईल होता, तो कशाला होता, विचारलंस तू तिला कधी?… रील! कुणी सांगितलं तुला रील?… असंच वाटलं. सगळ्यांना असंच वाटलं. अगं ऐक ना. ऐक. तुमची प्रश्नमंजूषा भरत होती ती. सप्ताहाच्या तयारीची. 'सर्व विद्यार्थ्यांनी आज सायंकाळी सहाच्या आत भरावी, वर्गाचा सहभाग शंभर टक्के झाला पाहिजे.' ग्रुपवर कुणी टाकलं होतं?… तूच. खाली हात जोडलेले दोन… शाळेतून साडेपाचला आली, दप्तर टाकलं आणि मोबाईल घेऊन इथं येऊन बसली. इथंच, घरात येत नाही रेंज. ते पान उघडेना, नुसतं गोल फिरत होतं. खालून आजीनं हाक मारली तेव्हा ती अकराव्या प्रश्नावर होती. प्रश्न सांगू?… 'मोबाईल वापरताना घरातील वडीलधाऱ्यांकडे दुर्लक्ष करू नये. बरोबर की चूक.'

"मी कशाला बनवू? फोनमध्ये आहे अजून. 'बरोबर'वर खूण केलीय तिनं. प्रमाणपत्रही आलंय, नावासकट, वर कमळाची वेलबुट्टी… नाही, आता ते नको सांगूस. शंभर टक्के झाला का तुझ्या वर्गाचा?… झाला. बरं.

"हं… काय म्हणालीस?… 'आम्ही तरी जपूनच केलं, पुढचं कापलं.' काय कापलं?… ओकारी झाली ते. हो, झाली. कावळा उतरला आणि तिला भडभडून आलं, दिपालीनं आडोशाला नेली… पण प्रगती, ते व्हिडिओत होतं हे तुला कसं माहीत?… म्हणजे सगळा बघितलायस तू. कापायच्या आधीचा… आकाश सर नव्हते दहाव्याला. हेडसर नव्हते. शाळेतलं कुणीच नव्हतं, एक… हॅलो?… रेंज आहे. चार काड्या दिसतायत. तूच बोलत नाहीस."

दहाव्याला बायका एका अंगाला उभ्या होत्या. प्रगती माधुरीच्या शेजारीच होती. पोर बोलायला लागली, आणि त्याच वेळी माधुरीच्या पाठीवरून एक हात हळूहळू फिरायला लागला. त्या पंधरवड्यात समाचाराला माणसं किती आली आणि किती गेली. कुणाच्या बोलण्यातलं एक अक्षर माधुरीच्या लक्षात राहिलं नव्हतं. तो हात मात्र राहिला होता. आंघोळ करताना, भाकरी थापताना तो मध्येच आठवायचा आणि बरं वाटायचं.

"माझ्या पाठीवर तुझा डावा हात होता… उजव्यात काय होतं?

"…

"आठवण म्हणून. बरं… कुणाची आठवण?… आणि मग शिक्षकांच्या ग्रुपवर कुणी टाकलं?… तूच. काय लिहून?… 'आमच्या वर्गाची गुणी पोर, बघा.' तिथून आकाश सरांनी उचललं, पट्टी ओढली, लाल अक्षरं चढवली. तुला माहीत नव्हतं. मानते मी, नव्हतं. पण वर्गात पडदा लावला तेव्हा तर होतं ना? तू कुठं होतीस?… मागं उभी होतीस. दिव्याच्या बटणाशी.

"रडू नकोस… प्रगती, रडू नकोस गं. तू रडलीस की मला समजूत घालावी लागते, आणि आज ते माझ्याच्यानं व्हायचं नाही… शिव्या? शिव्या कशाला देऊ? शिसारी आलीय, ती काय शिव्यांनी जाते? मघापासून हात पुसतेय पदराला, जातच नाही… काढून टाकायला सांगशील. सांग. बक्षीस झाल्यावर की आधी?… बघ. विचार करायला लागतोय ना तुला?

"ऐक. चाळीस हजार लोकांचं मरू दे. मला फक्त एका डोक्यातून ते काढायचंय. पोर धरून बसलीय, की आजी आपल्यामुळं मेली. दहाव्याला ती एकटीच तसं समजत होती. आम्ही हळूहळू काढलं असतं ते तिच्या मनातून. पोरांचं जुनं होत जातं. पण तुम्ही पडदा लावून तिला सांगितलंत, व्हय, तुझ्यामुळंच… सांगितलंतच. बक्षीस कशाला मिळालं मग?

"…काय?

"पुन्हा म्हण… नाही, म्हण. म्हणालीस तर नीट म्हण… 'पण माधुरी, खरं तर आहेच ना. लगेच गेली असती तर मावशी वाचल्या असत्या.'"

वारा पडला होता. माधुरीनं फोन या कानावरून त्या कानाला घेतला. एवढा वेळ जिभेवर धार होती. आता ती गेली. नसरापूरच्या दवाखान्यात, स्ट्रेचरवरच्या आईकडं बघत डॉक्टरांनी विचारलं होतं, दुखायला कधीपासून लागलं होतं? संपत म्हणाला होता, पावणेसहा असतील. माधुरी भोरहून धावतपळत आलेली, दाराशी उभी होती. तिनं तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं.

"खरं नाही ते… नाही, समजूत म्हणून नाही सांगत. मला माहितीय म्हणून सांगतेय. थांब, मध्ये बोलू नकोस. एकदा थांबले तर पुन्हा नाही बोलायची.

"आईचा फोन आला होता मला. त्या दिवशी. चार वाजून दहा मिनिटांनी… भोरला होते, वाचनालयात. टेबलावरच होता फोन. दिसला ना, नाव दिसलं… नाही, गर्दीबिर्दी कुठली. कुणीच नव्हतं. वाचत बसले होते. शेवटची थोडी पानं राहिली होती. म्हटलं, काय, शेरडू आजारी असेल, नाहीतर संपतची तक्रार असेल, संध्याकाळी लावू. उलटा ठेवला फोन. मग पुन्हा वाजला. पुन्हा नाही उचलला.

"…हो, दोनदा.

"आणि प्रगती, घरात रेंज येत नाही. मी आत्ता जिथं आहे ना, इथं यावं लागतं. हा चढ चढून. मला बेचाळिसाव्या वर्षी धाप लागते. छातीत कळ येत असताना ती इथवर आली, दोनदा फोन लावला, पुन्हा खाली गेली आणि पडून राहिली. पोर शाळेतून आल्यावर जी हाक मारली, ती शेवटची असणार. दीड तास. दीड तासात गाडी आली असती. नसरापूरला काय, पार पुण्याला नेली असती.

"कुणाला सांगितलं? कुणालाच नाही… संपतला नाही. आईचा बटणांचा मोबाईल माझ्याकडंच दिला होता दवाखान्यात. मी ते दोन्ही फोन त्यातून पुसून टाकले. बाहेर बाकावर बसून, चष्मा लावून, व्यवस्थित. आणि मग दहाव्याला पाऊण तास उभी राहिले. माझा कावळ्याबिवळ्यावर विश्वास नाही, तुला माहितीय. पण बोलायचं माझं होतं गं. सगळे बोलले, भांडणवाले चुलतेसुद्धा बोलले, मी वाचलेली सगळी पुस्तकं पोटात घेऊन गप्प उभी राहिले. आणि ती उठली.

"नाही. तू काही बोलू नकोस आता. तू मला माफ करायचं नाहीस, ते तुझं काम नाही. आणि त्यानं तुमचं काही कमीही होत नाही. तुम्ही केलं ते केलंच.

"उद्या मी येते… अकराच्या आधी, दहाला… सही करायला नाही. तक्रार मागं घ्यायला पण नाही. तक्रारीत आणखी एक ओळ लिहायचीय, व्हिडिओ कुणी घेतला त्याची. तुझं नाव मी घालण्यापेक्षा तूच लिही… विचार कर रात्रभर. आणि त्याच्या आधी मला तुझ्या वर्गात उभं राहायचंय. पडदा काढून, खिडक्या उघडून. आत्ता तुला सांगितलं ते पोरांना सांगते, चार-दहाच्या फोनसकट… हेडसरांना काय सांगायचं ते तू बघ. साहेब आले तर बसू देत मागं. फक्त मोबाईल बाहेर ठेवायचे, सगळ्यांचे. तुझापण, आकाश सरांचापण… लोक मला काय म्हणायचं ते म्हणतील. तिला म्हणतायतच की आठ दिवस.

"वैष्णवीला?… नाही, तिला अजून नाही सांगितलं. आधी तिलाच सांगायला पाहिजे होतं, खरंय. आज संध्याकाळी संपत-दिपाली आले, की सगळ्यांना बसवून…"

माधुरी बोलता बोलता वळली. चढाच्या मध्यावर, करवंदीच्या जाळीपाशी वैष्णवी उभी होती. शेरडं तिला सोडून पुढं घराकडं चालली होती. हातातली काठी तिनं जमिनीवर टेकली होती आणि तिच्याकडं बघून, ती किती वेळ तिथं होती ते काही सांगता येत नव्हतं.

"…थांब, प्रगती. एक मिनिट. ठेवू नकोस."

"आत्या," पोर म्हणाली. आठ दिवसांत तिनं स्वतःहून उच्चारलेला हा पहिला शब्द. "कितीला आलता आज्जीचा फोन?"

"चार वाजून दहा मिनिटांनी."

वैष्णवीनं खाली खाचरांकडं बघितलं. ओठ हलवून ती काहीतरी मोजत होती.

"तवा म्या वर्गात हुते," ती म्हणाली. "शेवटचा तास बी व्हायचा हुता. भूगोलाचा."

"हो बाळा. तू वर्गातच होतीस."

फोनमधून प्रगतीचा बारीक आवाज येत होता, हॅलो, हॅलो म्हणत होता. वैष्णवी दोन पावलं वर आली. ती रडत नव्हती. आत्याच्या गळ्यातही पडली नाही. तिनं आत्याकडं सरळ बघितलं, मोठं माणूस मोठ्या माणसाकडं बघतं तसं, आणि विचारलं,

"मग तू उचालला का न्हाईस?"

माधुरीनं फोन पुन्हा कानाला लावला.

"हॅलो… हो, आहे. ठेवते आता, प्रगती… नाही, नंतर नाही करायची मी. उद्या दहाला येते म्हटलंय, तेवढं धर… नाही. ठेवते. हिला उत्तर द्यायचंय."